शेळीला दोन पाय

मु. करंजवाडी, लोहाऱ्याच्या पलीकडं, जि. उस्मानाबाद
११ फेब्रुवारी १९७३

हिरेमठ मास्तरांस पुतळाबाई सरवदे हिचा जयभीम.

तुमी मला वळखत न्हाव. म्या तुमाला वळखते, कारण तुमचं पुस्तक आमच्या घरात हाय. ते कसं आलं ते आधी सांगते, न्हायतर म्हणचाल चोरलं. माझा ल्योक कोंडिबा ढोकीच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला असतो. तिथल्या वाचनालयात त्यानं 'डोक्यातला कारखाना' असं नाव बघितलं. कारखान्याच्या धंद्याचं असंल म्हणून घरी घिऊन आला. उघडून बगतंय तर उसाचं कांडंबी न्हाय, निस्ती फुलकोबीवाणी चित्रं. मग त्यानं ते त्याच्या पोरीच्या हातात दिलं.

मला अक्षर येत न्हाय. नात येशोधरा नववीत होती, दुष्काळानं शाळा सुटली. आता माझ्यासंगं दुष्काळी कामावर खडी फोडायला येती. दिसभर आमी दगड फोडतो, सांजच्याला ती तुमचं डोकं फोडून दाखवती. हे पत्रबी तीच लिव्हायलीय. म्हणली, "आजी, शुद्ध करून लिव्हू का?" म्या म्हणलं, "मास्तर शुद्धच वाचत असतील जल्मभर. जरा चव बदलू दे."

पुस्तक झ्याक हाय. डोळ्याचं खातं मागल्या अंगाला हाय हे वाचून म्या दोन दिस डोस्क्याचा मागला भाग चाचपत हुते. पर एक सांगा. तुमी म्हणताव मेंदू म्हंजी कारखाना. मग त्येचा चेअरमन कोण? आमच्या हितं चेअरमन जीपमधून येतो, हार घालून घेतो, जातो. डोक्यात बी तसंच हाय का?

आता कामाचं. आमची एक शेळी हाय. लई गुणाची. पर चालता चालता मधीच थांबती, नजर लावती, आन् धाडदिशी पडती. पाय झाडती, तोंडाला फेस येतो. घटकाभरानं उठती, तवा तिला काय झालं ते ठावंच नसतंय. गावातली माणसं म्हणत्यात, तिच्यात देवीचं वारं येतंय. आमी धम्म घेतला तवा देव्हाऱ्यातले चांदीचे टाक म्या माझ्या हातानं नदीत सोडले. आता ती देवी सुटून शेळीत शिरली, का तुमच्या कारखान्यात काई बिघाड हाय, तेवढं कळवा.

तुमची,
पुतळाबाई (अंगठा)

ता. क. हे आजीनं सांगितलेलं नाही. आमच्याकडं शेळी नाही. होती ती दसऱ्याला विकली. — यशोधरा


सोलापूर
२० फेब्रुवारी १९७३

पुतळाबाईंना विरुपाक्ष हिरेमठचा सप्रेम नमस्कार.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीत पुस्तकं लिहितो. वाचकांची पत्रं येतात, पण बहुतेक परीक्षेत काय येईल ते विचारणारी. चेअरमनबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. खरं उत्तर असं की मेंदूला चेअरमन नाही. शास्त्रज्ञांनी पुष्कळ शोधला. अब्जावधी बारीक पेशी एकमेकींना विजेचे हलके चिमटे घेतात आणि त्यातूनच पाहणं, आठवणं, रागावणं होतं. सगळे सभासद, अध्यक्ष कुणीच नाही. अशी सहकारी संस्था सरकारदरबारी नोंदवून घेणार नाहीत.

आता शेळीविषयी. कारखान्यात प्रत्येकानं आपापल्या पाळीला काम करायचं असतं. समजा, एके दिवशी सगळ्या पाळ्यांचे सगळे कामगार एकदम आत घुसले, प्रत्येकजण आपलं यंत्र चालू करू लागला आणि भोंगाही वाजत राहिला, तर? फिट म्हणजे तेच. विजेचा गलका. थोड्या वेळानं तो आपोआप शमतो. त्यात देवी नाही, भूत नाही, कुणाचा शाप नाही.

शेळी पडली की तिला कुशीवर वळवावं. तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. चुलीजवळ आणि विहिरीच्या काठावर एकटीला जाऊ देऊ नये.

शेळ्यांसाठी गोळ्या आहेत की नाहीत, मला माहीत नाही. माणसांसाठी आहेत, चांगल्या आहेत, आणि रोज घेतल्या तर बहुतेकांचं पडणं थांबतं. म्हणून विचारतो. राग मानू नका. तुमच्या शेळीला पाय किती?

आपला,
विरुपाक्ष हिरेमठ


करंजवाडी
९ मार्च १९७३

मास्तरांस जयभीम.

तुमचं पत्र पोरीनं वाचलं, आन् पायाच्या ओळीपाशी थांबली. म्या चुलीकडं तोंड केलं. तिनं पत्राची घडी घातली. उत्तर द्यायला येवढे दिस त्याच्यानंच लागले.

शेळीला दोनच पाय हायत, मास्तर. ती माझ्यासमोर बसून ही वळ लिव्हायलीय.

आता समदंच ऐका. दिवाळीच्या आधी आमच्या वस्तीची विहीर आटली. गावात पाणी ऱ्हायलं ते हरणाबाईंच्या मळ्यातल्या विहिरीत. हरणाबाई मराठ्याची बाई, नवरा न्हाय, पर शब्दाला वजन. त्या विहिरीला आमी हात लावायचा न्हाय. घागरी घिऊन कडंला बसायचं. त्यांच्या बायांचं शेंदून झालं की कुणाच्या मनात आलं तर वरून वतायची. न्हाय आलं तर न्हाय.

एका मंगळवारी येशोधरा तिथंच पडली. हरणाबाई हातातली कळशी टाकून धावत आली. मला वाटलं, आता मारती, विहीर बाटली म्हणती. तर तिनं पोरीच्या पायावर डोस्कं ठिवलं. "आई, माझ्या विहिरीवर आलीस!" म्हणली आन् रडली. कपाळाला हळद लावली. मग आमच्या वस्तीच्या समद्या घागरी तिनं सोत्ताच्या हातानं भरल्या. तवापासून आमाला रोज पाणी हाय. दर मंगळवारी पोरीला पाटावर बसवत्यात, बाया पाया पडत्यात, आन् घागरी भरत्यात.

त्या टायमाला म्या बोलायचं हुतं, "बाई, उठा, ही देवी न्हाय, माझी नात हाय, आजारी हाय." जीभ टाळूला चिकटली. आन् नुसती चिकटली असती तर एक हुतं. छातीत जरा ऊब आली बगा. जी बाई माझी सावली टाळायची, तिचं डोस्कं माझ्या नातीच्या पायावर. म्हणलं, पडू दे. चांगली पडू दे. मग घागर डोईवर घेतली ती लई जड लागली.

देव नदीत सोडणारी म्याच. आन् पाण्यापायी नातीला देव्हाऱ्यात बसवणारीबी म्याच. घरात बाबासाहेबांचा फोटो हाय, दिवसा त्याच्याकडं पाठ करून बसते. रातच्याला अंधार असतोय म्हणून बरं.

दोन सवाल. गोळी दिली तर वारं जाईल, आन् वाऱ्यामागं पाणी जाईल. तीसएक घरं हायत वस्तीत. गोळी कुणाला द्यावी, पोरीला का वस्तीला? आन् दुसरं, तुमच्या पुस्तकात भूक हाय, झोप हाय, राग हाय. लाज कुठल्या खात्यात असती ते न्हाय. ते पान विसरलाव का?

पुतळाबाई (अंगठा)

ता. क. पाटावर बसवतात तेव्हा मी डोळे मिटते. देवी काय म्हणते, असं विचारतात. मी काही म्हणत नाही. त्यांना ते जास्तच खरं वाटतं. — यशोधरा


सोलापूर
१७ मार्च १९७३

पुतळाबाई, नमस्कार.

यात दोन मतं असूच शकत नाहीत. मुलीला ताबडतोब घेऊन या. इथल्या मोठ्या दवाखान्यात माझे एक डॉक्टर मित्र आहेत, मी त्यांच्याशी बोललो आहे. प्रत्येक फिट धोक्याची असते. ती विहिरीच्या आत पडली असती तर?

पाण्याचं म्हणाल तर सरकारनं सगळीकडे टँकर सुरू केले आहेत. वर्तमानपत्रात रोज येतं. तुमच्याकडेही येईलच. अंधश्रद्धेवर पाणी भरणं ही काही कायमची सोय नव्हे.

लाजेचं पान विसरलो नाही. ती मेंदूत नेमकी कुठं असते ते अजून कुणाला सापडलेलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

लोहाऱ्याहून सकाळची एस.टी. धरा. उतरल्यावर माझं घर कुणीही दाखवील.

वि. हिरेमठ


करंजवाडी
१६ एप्रिल १९७३

मास्तरांस जयभीम.

सोलापुराहून सुखरूप आलो. तुमच्या डाक्टरनं पोरीला सवाल लई केले आन् मला वराडला न्हाय, भला माणूस. गोळी रोज, चुकवायची न्हाय, एकदम बंद करायची न्हाय, असं दोनदा माझ्याकडनं वदवून घेतलं. तुमी बरणीतला शेळीचा मेंदू दाखवलाव. म्या पोरीच्या कानात म्हणलं, "बग, आपली शेळी." ती हसली. लई दिसांनी हसली, त्याचे उपकार.

तुमचं घर थोर. भिंतीला भिंत लागून पुस्तकं. तुमी आत डाक्टरला फोन करायला गेलाव तवा तुमच्या आईनं, शांताक्कांनी, पाणी आणलं. तांब्या वरून धरला. म्या ओंजळ केली, पोरीनंबी केली. त्यांचं काई चुकलं न्हाय, त्यांचं वय झालंय, आन् आमच्या ओंजळीला सवय हाय. पाणी गार हुतं, माठाचं. हे सांगते ते कागाळी म्हणून न्हाय. तुमी लिव्हलं हुतं ना, लाज कुठं असती ते कुणाला सापडलं न्हाय. म्या म्हणलं, मास्तर लांब शोधायलेत.

आता तक्रार. गोळी चालंना झालीय. डाक्टरनं सांगितल्यापरमाणं रोज रातच्याला पोरीच्या हातावर गोळी ठिवते, पाण्याचा तांब्या देते. तरी गेल्या मंगळवारी ती हरणाबाईंच्या विहिरीवर पडली ती पडलीच. अगुदर महिन्यात एकदा पडायची, आता दोनदा. टाळूला ही येवढी खोक पडली. हरणाबाई म्हणली, देवी सोलापूरला नेली म्हणून कोपली, आन् नारळ फोडला. वस्तीला घागरी जास्तच मिळाल्या. टँकर एकदा आला हुता. गावाच्या वेशीपाशी उभा ऱ्हायला, तिथंच रिकामा झाला. आमच्यापतोर त्याचा चिखुल आला.

डाक्टरला इचारा, गोळी का चालंना? मोठी देऊ का? का माझ्याच हाताला गुण न्हाय?

पुतळाबाई (अंगठा)

ता. क. सर, गोळी चालेल, पण मी ती घेत नाही. जिभेखाली धरते आणि मग भिंतीच्या खोबणीत टाकते. देवी गेली तर आमच्या वस्तीला पाणी कोण देईल? शेजारच्या गजराबाईला तान्हं मूल आहे. मला पडताना काही कळत नाही, त्यामुळं तसं काही वाटत नाही. आजीला सांगू नका. तुम्ही काय लिहिता ते मीच वाचते, हे लक्षात असू द्या. — यशोधरा


सोलापूर
२४ एप्रिल १९७३

पुतळाबाई, जयभीम.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवणार होतो. हातात घेऊन तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारा माणूस आहे मी. माझ्या घरात ओंजळीनं पाणी दिलं गेलं, मी पलीकडच्या खोलीत होतो, आणि मला ते तुमच्या पत्रातून कळावं.

गोळी मोठी करू नका. गोळी बरोबर आहे.

यशोधरा, पुढच्या चार ओळी तुझ्यासाठी आहेत, आजींना वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. ती टाळूची खोक उद्या डोळ्यावर असेल, परवा विहिरीच्या कठड्यावर. तुला काही कळत नाही म्हणून काही होत नाही, असं नसतं. वस्तीला पाणी मिळवून देणं हे पंधरा वर्षांच्या मुलीच्या मेंदूचं काम नव्हे. घे. कृपा करून घे.

परीक्षेचे पेपर तपासायचे असल्यानं मला येता येत नाही. पण आजी, सहा मे रोजी संध्याकाळी, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमानंतर, रेडिओवर माझं भाषण आहे. जरूर ऐका. गावात रेडिओ असेल तिथं जाऊन ऐका. त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर असेल.

विरुपाक्ष


करंजवाडी
९ मे १९७३

हिरेमठ यांस.

हे पत्र सिदू पोस्टमन लिव्हायलाय. नातीला लिव्हू देत न्हाय. तिचं आन् माझं बोलणं बंद हाय.

तुमी रेडिओ ऐका म्हणलाव, म्या गेले. आमच्या गावात रेडिओ एकच, चावडीत. त्याला भोंगा लावलाय, मारुतीच्या पारापतोर ऐकू जातं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम झाला, मग तुमचा आवाज आला. म्या शेजारणीला म्हणलं, हे आमच्या वळखीचे. मोठ्या मिजाशीनं म्हणलं.

मग तुमी सांगाय लागलाव. एका गावात एक आजी हाय. तिनं पत्रात शेळी लिव्हली. शेळीला दोन पाय हुते. पोरीला फिटा येत्यात, लोक देवी म्हणत्यात, त्या देवीपायी विहिरीचं पाणी मिळतंय. आन् पोरगी गोळ्या जिभंखाली धरून भिंतीत टाकती, वस्तीला पाणी मिळावं म्हणून. "आजी, गोळी पोटात गेली तरच चालते, भिंतीच्या पोटात नाही," म्हणलाव.

तुमी कुणाचं नाव घेतलं न्हाय, हे खरं हाय. पर मास्तर, ज्या गावात भर दुष्काळात एकच विहीर जित्ती हाय, तिथं नाव कशाला घ्यायला पायजे? पारावरची समदी माणसं माझ्याकडं बगाय लागली. हरणाबाई पारावरच बसली हुती. उठली आन् गेली. मागं वळून बघितलं न्हाय.

घरी यिऊन खोबणीत हात घातला. हातभर आत गोळ्या.

दुसऱ्या दिशी मळ्याच्या फाटकाला काटे लावलेले. आता वस्ती नदीत झिरे उकरती. वाटी वाटीनं पाणी. गजराबाईचं लेकरू रडाय लागलं की समदी माझ्या घराकडं बगत्यात.

माझं गुपित माझी नात लपवत हुती, तिचं तुमी. आन् समद्यांचं रेडिओनं सांगितलं. तुमी शिकलेली माणसं लई पोचलेली.

पुतळाबाई (अंगठा)


सोलापूर
२० मे १९७३

पुतळाबाई,

सबब सांगायला बसलो तर पुष्कळ सांगता येईल. पत्र ती वाचणार, मग तुमच्यापर्यंत निरोप कसा पोचवू? म्हणून रेडिओ. ही सबब मी स्वतःला पंधरा दिवस सांगतो आहे. खरं असं की लोहाऱ्याला एस.टी. रोज सुटते. मी तिच्यात बसलो नाही, मायक्रोफोनसमोर जाऊन बसलो. पेपर नंतरही तपासता आले असते.

आणखी एक खरं आहे. शेळीची गोष्ट सांगताना मला मजा येत होती. भाषण रंगलं. केंद्रावरच्या माणसानं पाठ थोपटली. लोकांची पत्रं आली, आजी फार गोड आहेत म्हणून. ती पत्रं मी ठेवली नाहीत.

तुमची घागर मी रिकामी केली. ती कशी भरून द्यायची, मला कळत नाही. कलेक्टर कचेरीत अर्ज दिला आहे, टँकर थेट वस्तीत यावा म्हणून. माझ्या अर्जाला किती किंमत, ठाऊक नाही.

आईला मी तुमचं ते ओंजळीचं पत्र वाचून दाखवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही नाही.

यशोधरा गोळी घेते का, एवढंच कळवा. मला लिहायचं नसेल तर सिदू पोस्टमनला सांगा, कोऱ्या कार्डावर नुसती रेघ ओढून पाठवा.

विरुपाक्ष हिरेमठ


करंजवाडी
१७ जून १९७३

मास्तरांस जयभीम.

रेघ ओढून पाठवणार हुते. मग म्हणलं, येवढं बोलून घेतलंय, आता मुक्यानं काय भागंल. हे येशोधराच लिव्हायलीय. बोलणं सुरू झालं. कसं झालं ते सांगते.

ती गोळी घेती. रातच्याला घेती आन् मग तोंड वासून, जीभ वर करून दाखवती. म्या चिमणी जवळ धरून बगते. ती म्हणती, "आजी, दात बगून बैल घ्यायलीस का?" म्या म्हणते, "बैलावर इस्वास हाय गं, तुझ्यावर न्हाय." रेडिओच्या दिसापासून एकदाबी पडली न्हाय. बारकी खडी झाली की हातोडी चुकती म्हणती, जरा झोप येती म्हणती. ते चालंल.

बोलणं म्याच सुरू केलं. गोळी घेतीस का म्हणून इचारलं तवा पहिल्यांदा म्हणली, "आता घेते. आता तर पाणी गेलंच." असं म्हणली, मास्तर. पाणी असतं तर घेतली नसती. म्या तिच्यासमोर हात जोडले. हरणाबाईनं जोडले हुते तसेच. पोरगी पाय मागं घिऊन उठली, म्हणली, "तू नको, आजी."

तवाच मला समजलं. पोरगी येवढं सोसायला शिकली ती कुठं? पहिल्या मंगळवारी म्या गप बसले, तिथं. तिनं माझं गप ऱ्हाणंच वाचलं. त्याला अक्षर लागत न्हाय.

टँकर तुमच्या अर्जानं आला का त्याच्या मनानं, ठावं न्हाय. वस्तीत आला दोनदा. मग डिझेल न्हाय म्हणले. झिऱ्याला आता वाळू घावती. गेल्या मंगळवारी म्या येशोधराला म्हणलं, "घागर घे. दोर घे." ती म्हणली, "दोर कशाला? ते वरून वतत्यात." म्या म्हणलं, "घे."

फाटकाचे काटे म्या काठीनं बाजूला सारले. विहिरीवर हरणाबाई एकटीच. पाट तिथंच कडंला उभा करून ठिवलेला, धूळ बसली हुती त्याच्यावर.

"कशाला आलीस?" म्हणली.

"पाण्याला."

"देवी कुठाय तुझी?"

"देवीला तहान लागत न्हाय, बाई. ती पोरीला लागती."

ती रहाटाकडं बगत ऱ्हायली. मग हळू म्हणली, "म्या तिच्या पाया पडले, पुतळे. समद्या गावासमोर. दर मंगळवारी."

मला वाटलं हुतं, ती शिव्या घालंल, बाटलं म्हणंल, काठी उगारंल. त्याची उत्तरं म्या वाटंनं घोकत आल्ते.

"म्या पडू दिलं," म्हणलं.

मग तिनं खाली बघितलं. म्याबी खाली बघितलं. तिला वाटायचं, कुणाच्या पाया पडले म्या. मला वाटायचं, कुणाला पडू दिलं म्या. लाजेचं नाव एक, खाती निरनिराळी. पर मास्तर, तुमी डोस्क्यात शोधताव ती तिथं न्हाय, येवढं म्या त्या दिशी बघितलं. लाज मानंत असती. दोघींच्या माना अशा खाली गेल्या की वर येईनात. धुळीत तिचे पाय दिसायले, माझे दिसायले. दोघींच्याबी टाचा फुटलेल्या.

आमच्या माना खाली असताना रहाट वाजला.

ना तिनं वर बघितलं, ना म्या. घागर आत गेली, बुडबुडली, वर आली. पुन्यांदा गेली. पुन्यांदा वर आली.

पुतळाबाई (अंगठा)

ता. क. पहिली घागर मी हरणाबाईंच्या कळशीत ओतली. वरून नाही, कळशीला घागर टेकवून. त्यांनी कळशी मागं घेतली नाही. पाणी तिथंच सांडून टाकलं नाही. उचलून घरी नेलं की वाटेत ओतलं, ते मला माहीत नाही. मी मागं वळून पाहिलं नाही. — यशोधरा